दारूच्या देवाची मंडळी

ग्रीकांचा दारूचा देव डायोनिसस स्वतः सहसा झिंगलेला दिसत नाही. अथेन्सच्या जुन्या मातीच्या भांड्यांवर तो मधोमध उभा असतो: लांब दाढी, पायघोळ वस्त्र, डोक्यावर आयव्हीच्या पानांचा मुकुट, हातात उंच कानांचा पेला. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. पुढे रोमन शिल्पांत तो बिनदाढीचा तरुण होतो, कधी कुणाच्या खांद्यावर रेलतोही. पण मला हा जुना, शांत डायोनिससच खरा वाटतो. झिंगायचं काम त्याने त्याच्या मंडळींवर सोपवलंय. शंकराच्या वरातीत नवरदेव नंदीवर स्वस्थ आणि धिंगाणा गणांचा, तसंच काहीसं.

ही मंडळी म्हणजे सॅटर. नाक चपटं, कान टोकदार, मागे शेपूट. या जुन्या भांड्यांवर शेपूट आणि कान असतात घोड्याचे. बोकडाचे पाय आणि शिंगं हा पॅन नावाच्या रानदेवाचा थाट. रोमनांचा रानातला फॉनसही पुढे याच घोळक्यात मिसळला, आणि मग कोण कुणाचे पाय लावून हिंडतोय याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सॅटरांचा उद्योग ठरलेला: द्राक्षं तुडवायची, प्यायची, बासरी वाजवायची आणि वनदेवतांच्या मागे धावायचं. त्या बहुधा हाती लागत नाहीत. पण उत्साह असा दांडगा, की दर चित्रात हे पुन्हा नव्याने धावत सुटलेले.

या टवाळांना ग्रीकांनी चक्क रंगभूमीवर जागा दिली होती. अथेन्समध्ये डायोनिससच्या वसंतातल्या उत्सवात नाटककाराने ओळीने तीन शोकांतिका सादर करायच्या आणि चौथं नाटक सॅटरांचं. दिवसभर राजघराण्यांची वाताहत पाहून रडून झालं की शेपटीवाल्यांचा कोरस नाचत यायचा. यातलं एकच नाटक आज पूर्ण उरलंय, युरिपिडीसचं ‘सायक्लोप्स’. त्यात एकाक्ष राक्षसाचा डोळा फोडायची वेळ येते तेव्हा आधी फुशारक्या मारणारे सॅटर एकदम कारणं सांगू लागतात. कुणी दारापासून फार लांब उभा आहे, कुणाचा पाय आत्ताच लचकलाय, कुणाच्या डोळ्यांत धूळ गेलीय. कामाच्या वेळी ऐकू येणारी ही सगळी कारणं चोवीसशे वर्षांपूर्वीच वापरून झालेली आहेत.

नेपल्सच्या संग्रहालयात इ.स.पूर्व ४०० च्या सुमाराचं एक मोठं भांडं आहे, दारूत पाणी मिसळायचं. त्यावर अशाच नाटकाचा संच रंगवलाय. कमरेला केसाळ चड्डी, तिलाच शेपूट शिवलेलं, सॅटरचा मुखवटा हातात धरलेला, आणि पोरं निवांत गप्पा मारतायत. मधे प्रोनोमोस नावाचा नामांकित वादक बसून वाजवतोय. या सगळ्यांत एकाने मात्र मुखवटा आधीच चढवलाय आणि तो नाचायलाही लागलाय. बाकीचे अजून माणसं आहेत, हा पठ्ठ्या सॅटर झालेला. दारूच्या देवाचं सामर्थ्य दाखवायला याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही, आणि त्या पोराने थेंबभरही घेतली असेल असं वाटत नाही.

मंडळींतला वडीलधारा सायलेनस. टक्कल, ढेरी, बसायला गाढव, आणि त्यावरूनही घसरायची सवय. हा डायोनिससचा गुरू! मिडास राजाने म्हणे रानातल्या झऱ्यात दारू मिसळून त्याला पकडलं आणि विचारलं, माणसासाठी सगळ्यांत चांगलं काय? सायलेनस म्हणाला, जन्मालाच न येणं. ते जमलं नसेल तर लवकर मरणं. गाढवावरून पडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी ग्रीकांनी आपलं सगळ्यांत काळंकुट्ट तत्त्वज्ञान घातलं.

एरवी मात्र ग्रीक मोजून पिणारे. निव्वळ दारू पिणं हे रानटीपणाचं लक्षण. पाणी घालूनच प्यायची. युब्युलस या विनोदी नाटककाराच्या एका उताऱ्यात खुद्द डायोनिससच सांगतो, की शहाण्यांसाठी मी तीनच घंगाळं कालवतो: एक आरोग्याचं, दुसरं प्रेमाचं, तिसरं झोपेचं. तिसरं संपलं की शहाणे घरी जातात. चौथ्यापासून पुढची माझी नव्हेत. मग पाचवं आरडाओरड्याचं, सातवं डोळा काळानिळा करणारं, आठवं कोर्टाचं बोलावणं आणणारं, आणि दहावं वेडाचं, सामान फेकाफेकीचं. यजमान हात झटकून मोकळा!

रोमला हा देव बाकस या नावाने पोचला, तेव्हा सिनेटला घाम फुटला. रात्री जमणारी, गुप्त शपथा घेणारी, बायका-पुरुष आणि गुलाम-नागरिक एकत्र आणणारी मंडळी सरकारला कधीच रुचत नाही. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की सात हजारांहून जास्त लोकांवर आळ आला आणि कित्येकांना मृत्युदंड झाला. या पूजेबद्दल सिनेटने काढलेला इ.स.पूर्व १८६ चा हुकूम काशाच्या पत्र्यावर कोरलेला १६४० साली दक्षिण इटलीत सापडला. आता तो व्हिएन्नात आहे. गंमत म्हणजे त्यात पूजेला साफ बंदी नाही. प्रेटर म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, निदान शंभर सिनेटर हजर असताना परवानगी मिळवायची, आणि मग जमायचं. परवानगीशिवाय जास्तीत जास्त पाच जण: दोन पुरुष, तीन बायका. सॅटर किती चालतील, याबद्दल हुकमात काही म्हटलेलं नाही.