पावसाळी ताप, सेप्सिस आणि वाया जाणारे पहिले तास

संसर्गाला तोंड देताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. ताप किती चढला यावरून तो ओळखू नका. म्हाताऱ्या माणसाचं अंग उलट गार लागतं. श्वास मोजा, तोही पूर्ण मिनिटभर. मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त श्वास, वरचं बीपी १०० किंवा खाली, आणि माणूस बरळतोय किंवा नुसता गुंगीत पडलाय, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर घरी थांबू नका. तिन्ही नसल्या म्हणून सेप्सिस नाही, असंही समजू नका. लघवी कमी झाली का, हे नातेवाइकांना विचाराच.

एका तपासणीत सेप्सिस पकडता येत नाही, खरी अडचण तीच. शॉक असेल, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडत असेल, तर अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, आणि कल्चरचा (रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे पहिलं औषध अंदाजानेच द्यायचं. म्हणून रक्त आधी घ्या: दोन वेगवेगळ्या जागांहून, दर बाटलीत ८ ते १० मिली. लावलेल्या सलाईनच्या सुईतूनच दोन-तीन मिली ओढलं की एकतर जंतू सापडत नाहीत, नाहीतर त्वचेवरचे भलतेच सापडतात. पण कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नका.

विदर्भात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पहिल्या औषधाचा अंदाज बांधताना स्क्रब टायफस (बारीक माइट किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) धरायलाच हवा. २०१८ मध्ये नागपूरने त्याची साथ पाहिली आहे. मेरोपेनेमसारखं महागडं औषधही त्याच्यावर चालत नाही; लागतं ते स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिन, १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. नेहमीच्या कल्चरमध्ये हा जंतू वाढत नाही आणि पहिल्या आठवड्यात आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) निगेटिव्ह येऊ शकतं. त्यामुळे अंग तपासा: काखेत, जांघेत, स्तनांखाली, परकराच्या नाडीखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. खपली सगळ्यांनाच नसते. शंका दाट असेल तर तिच्यावाचूनही डॉक्सी सुरू करा.

सलाईनचं गणित किलोला ३० मिली, पहिल्या तीन तासांत. ५० किलोच्या माणसाला दीड लिटर, म्हणजे ५०० च्या तीन बाटल्या. प्रत्येक बाटलीनंतर छाती ऐका. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपतात, तिथे हेच पाणी फुफ्फुसात साचतं. सरासरी बीपी ६५ वर येत नसेल तर बाटल्या वाढवत बसू नका, नॉरअॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) लावा. सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीची, वाट कशाला? कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून सुरुवात होते. फक्त हात सुजतोय का, ते सिस्टरने बघत राहावं.

गडचिरोलीहून नागपूर म्हणजे तीन-चार तासांची वाट. अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्या, आणि रेफरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, वेळ, किती सलाईन गेलं आणि किती लघवी झाली, एवढं ठळक लिहा.