पोळी-भाजी केंद्राचा परवाना काढताना

नाशिकमध्ये माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सुरुवातीला वर्षाला १०० रुपये भरून केलेली साधी नोंदणी पुरत होती. २०२२ मध्ये दोन वसतिगृहांचे डबे मिळाले, उलाढाल १२ लाखांच्या पुढे गेली आणि राज्य परवाना काढणं भाग पडलं.

फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल हे सगळं जोडून झालं. कस लागला तो परवान्याच्या नियमांतली अनुसूची ४, म्हणजे स्वच्छतेचे नियम, वाचताना. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वराची लस, आणि जुलाब, उलट्या किंवा हाताला उघडी जखम असेल तर अन्नाला हात लावायचा नाही.

वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दिवशी पोळ्या करणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "ताई, काही निघालं तर कामावरून काढाल का?" बोलता बोलता कळलं, मागच्या पावसाळ्यात जुलाब होत असताना त्या तीन दिवस कामावर येत होत्या. रोजावरचं काम, खाडा झाला की पैसे बुडतात. पोळी तव्यावर भाजून निघते हे खरं, पण नंतर तूप लावायचं, घडी घालायची, मोजून डब्यात भरायची, ते सगळं हातानंच. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक मावशींची नव्हती, खाड्याचे पैसे कापण्याची पद्धत माझी होती. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, आजारपणाचा खाडा भरपगारी, आणि जुलाब थांबल्यावरही दोन दिवस घरीच थांबायचं.

भाताचंही तसंच. उरलेला भात आम्ही पातेल्यातच झाकून ठेवायचो. थर्मामीटर आणला आणि चार तासांनी मधोमध खुपसून पाहिला, तर ४१ अंश! जंतू वाढतात ते ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. भातात सापडणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात त्याचं विष तयार झालं तर तो पुन्हा गरम करूनही उपयोग नसतो. भाताला वास येतोच असं नाही. आता उरलेला भात लगेच परातींत पातळ पसरतो, वाफ गेली की फ्रिजमध्ये.

अन्न सुरक्षा अधिकारी आले तेव्हा त्यांनी मोरीची जाळी, दिव्यांवरची आवरणं, सिलिंडरची जागा पाहिली. हात धुवायला वेगळं बेसिन नव्हतं, आम्ही भांड्यांच्या मोरीतच धुवायचो. ते बसवून घेतलं. मग चौदा आकडी क्रमांकाचा परवाना आला, तो दारातच लावलाय.

पुढच्या जूनमध्ये एकदा पहाटे साडेपाचला मावशींचा फोन आला. "ताई, पोट बिघडलंय, आज येत नाही." त्या दिवशीच्या पोळ्या मी आणि माझ्या जावेनं लाटल्या.