तुम्ही विचारलंत म्हणून: दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीचा अल्टरनेटर

"काका, गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर गेली. अल्टरनेटर अजून किती चालेल? का गाडीच काढून टाकू?"

चिपळूणला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याचा हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक छोट्या गाडीवाले. कुणी शिक्षक, कुणी रोज कुंभार्ली घाट चढून कराडला जाणारा. त्यांना एक आकडा हवा असतो, दीड लाख किंवा अडीच लाख. मी आकडा देत नाही, उलट विचारतो, "गाडी चालते कुठे?"

कारण अल्टरनेटरला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. हिशेब साधा आहे. मोकळ्या रस्त्यावर सरासरी 50 च्या वेगानं धावलेली गाडी एक लाख किलोमीटर 2,000 तासांत पुरे करते. तीच गाडी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या गर्दीत 20 च्या सरासरीनं चालली, तर त्याच एक लाखाला 5,000 तास लागतात. मीटरवर आकडा एकच, पण एका अल्टरनेटरनं दुसऱ्याच्या अडीचपट काम केलेलं असतं. म्हणून मोकळ्या रस्त्यावरची दोन लाखांची गाडी मला शहरातल्या एक लाखाच्या गाडीपेक्षा कितीदा तरी बरी वाटते.

जुनी माणसं अजून त्याला डायनमोच म्हणतात. आत रोटर फिरतो. त्याला करंट पोचवायला दोन कार्बन दोन रिंगांवर सतत घासत असतात. भोवतीच्या वाइंडिंगमध्ये एसी तयार होतो, डायोड प्लेट त्याचा डीसी करते आणि रेग्युलेटर चार्जिंग 14 व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. बेल्टमुळे हे सगळं इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट वेगानं फिरतं. यात झिजणाऱ्या मुख्य वस्तू दोन, कार्बन आणि बेरिंग. बाकीच्या बहुतेक उष्णतेनं मरतात.

आमच्याकडे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री. मुंबईचे चाकरमानी निघालेले असतात. एरवी सहा-सात तासांचा रस्ता, तेव्हा बारा-चौदा तास लागतात. गाडी उभी, इंजिन चालू, पाऊस, हेडलाइट, वायपर, काचेवर वाफ धरते म्हणून एसी, आणि रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. छोट्या गाडीवर हा सगळा बोजा मिळून चाळीसेक अँपिअरपर्यंत सहज जातो. अल्टरनेटरवर 65 लिहिलेलं असलं तरी ते इंजिन पळतं तेव्हाचं. स्लोवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो जेमतेम निम्मा देतो. उरलेलं बॅटरीतून जातं, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. वर गाडी उभी असल्यामुळे वारा लागत नाही, डायोड तापत राहतात.

एका अशाच रात्री दोनच्या सुमाराला डोंबिवलीची एक गाडी धक्का मारत दुकानासमोर आणली. मागच्या सीटवर मखराचे पुठ्ठे, त्यांच्या आडोशाला एक आजी बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, "बॅटरी नवीन टाका, मागच्या वर्षीचीच आहे." माझ्याकडची बॅटरी लावून इंजिन चालू केलं आणि मीटर धरला. 11.8. म्हणजे चार्जिंगच नाही. अल्टरनेटर उतरवून कार्बन बाहेर काढले. एक बोटाच्या नखाएवढा उरला होता, दुसरा तर रिंगेला टेकतच नव्हता. रिंगा मात्र गुळगुळीत, बेरिंग शांत. नवे कार्बन बसवले, रिंगा पुसल्या, बेल्ट ताणला. 14.1. सगळं मिळून सव्वा तास. कार्बनचा जोड शे-दोनशे रुपयांत येतो आणि नवा अल्टरनेटर हजारांत जातो. गाडी 1,90,000 झाली होती. मुलानं विचारलं, "आता गाडी काढू ना?" मी म्हटलं, "कशाला? हिचं अजून काही बिघडलेलंच नाही."

म्हणून माझं सांगणं असतं, की लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीचा अल्टरनेटर बंद पडायची वाट बघू नका. एकदा उतरवून कार्बन बघून घ्या. सुकलेल्या बेरिंगचा आवाज बारीक, पीठगिरणी लांबून ऐकू यावी तसा येतो. तो ऐकू आला की बेरिंग बदला. बेल्ट ढिला असेल तर चार्जिंग पडतं, पण फार आवळला तर बेरिंग खातो, आणि हे दुसरं लोक विसरतात. बॅटरी मेलेली असेल तर ती आधी बदला. मेलेली बॅटरी भरता भरता अल्टरनेटर दिवसभर पूर्ण ताकदीनं राबतो आणि तापून जातो. वरून तेल गळत असेल तर तेही आधी बंद करा. तेल कार्बनवर गेलं की तिथे काळी पेस्ट होते.

कोकणात आणखी एक गोष्ट. दमट हवेनं अर्थची वायर, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी, आतून हिरवी होते, दिसते मात्र ठीक. माझ्याकडे दोनदा अल्टरनेटर बदलून आलेल्या गाड्या येतात आणि दोष अर्थिंगचा निघतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, इंजिन आणि लाइट चालू ठेवा. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायर बदला.

एका सवयीबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. चार्जिंग बघायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढू नका. खऱ्या डायनमोच्या, म्हणजे अल्टरनेटर येण्याआधीच्या काळातली ही युक्ती आजही रस्त्यावर सर्रास चालते. टर्मिनल निघाल्या क्षणी व्होल्टेज उसळतं, डायोड आणि रेग्युलेटर जाऊ शकतात, कधी गाडीचा कॉम्प्युटरही जातो. धडधाकट अल्टरनेटर तपासता तपासता मारलेला मी पाहिला आहे. फार वाईट वाटतं. मीटर काही महाग वस्तू नाही. फक्त अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरच पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम खाली आणतो, तिथे 12.7 दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावून पुन्हा बघा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी पुराचं सांगतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. पुढचे कितीतरी महिने मी अल्टरनेटरच उघडत होतो. रोटरच्या खाचांत लोण्यासारखा मऊ गाळ, तांब्याच्या रिंगांवर हिरवट थर. ज्यांनी तेव्हाच उतरवून साफ करून घेतले त्यांचे अजून चालू आहेत. ज्यांनी नुसतं पाणी मारून गाडी चालू केली ते चार महिन्यांत बेरिंग खडखडत परत आले. अशा गाड्या नंतर लांब लांब विकल्या जातात. घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग दिसला तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

इंजिनाचं मी फार बोलत नाही, ते माझं काम नव्हे. ऑइल वेळेवर बदललेलं छोटं पेट्रोल इंजिन तीन लाख जाताना मी पाहिलं आहे. आमच्याकडे गाडी आधी जाते ती खालच्या पत्र्यानं. तो सडला नसेल, चेसिस कोरडी असेल, तर अल्टरनेटरसाठी गाडी काढू नका.

माझी स्वतःची छोटी गाडी 3,14,000 झाली आहे. अल्टरनेटर मूळचाच. कार्बन दोनदा बदलले, बेरिंग एकदा, रेग्युलेटर एकदा. गेल्या आठवड्यापासून थंड असताना सुरू केली की पहिली दोन मिनिटं तो गिरणीचा आवाज येतोय. चतुर्थीला अजून तीन आठवडे आहेत. दुकानात गर्दी सुरू व्हायच्या आत, येत्या रविवारी तो उतरवणार आहे.