उमरेड रोडनं पवनीपर्यंत, थांबत थांबत

नागपूरच्या दिघोरी चौकातून सकाळी साडेसहाला निघालो. बाबा शेजारी बसले होते. त्यांचं लहानपण भिवापूरला गेलं. फलकावर आता राष्ट्रीय महामार्ग ३५३-डी असं लिहिलंय, पण त्यांच्यासाठी हा अजून उमरेड रोडच आहे. राज्य महामार्ग होता तेव्हा समोरून ट्रक आला की एस.टी. कच्च्यात उतरायची, हे त्यांनी पाचगाव यायच्या आतच दोनदा सांगितलं. रस्ता आता प्रशस्त झालाय, नागपूर ते उमरेड हे ४५ किमी तासाभरात होतात. कडेच्या जुन्या झाडांची सावली मात्र गेली, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. उन्हाळ्यात निघणाऱ्यांनी पाणी जास्तच घ्यावं.

खरं तर या रस्त्याचा जोडीदार होती नॅरोगेज. नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी ही छोटी गाडी १९०८ मध्ये सुरू झाली आणि ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये थांबली. बाबांची आजी भिवापूरला मिरचीचं पोतं डब्यात चढवायची आणि थेट इतवारीच्या बाजारात उतरवायची. एस.टी.च्या टपावर पोतं टाकायला तिचा जीव धजायचा नाही.

उमरेडला तर्री-पोहे खाल्ले, टाकी भरून घेतली. इथे कोळशाची खाण आहे, त्यामुळे डंपर सांभाळून चालवा. पुढे भिवापूरच्या वाटेवर डावीकडे कऱ्हांडला अभयारण्याचं गेट लागतं. हे अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं. नागझिऱ्याहून चालत आलेला जय वाघ इथलाच. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. सफारी करायची असेल तर बुकिंग आधीच करा. पावसाळ्यात गेटं बंद असतात.

भिवापूरला आम्ही दोन तास रमलो. फेब्रुवारी म्हणजे मिरचीचे दिवस. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या आवारात, लालभडक ढीग पडलेले, बाया देठ खुडत बसलेल्या, आणि आत पाय ठेवताच ठसका. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण ढिगात सगळीच भिवापुरी नसते. संकरित वाणांनी तिला मागे सारलंय. एका मावशींनी बाबांना सरळ सांगितलं, "काकाजी, रंग पाहिजेन तं भिवापुरीच घ्या." घेताना वाण विचारा, देठासकट घ्या आणि नाकाला रुमाल बांधा. आम्ही पाच किलो घेतली.

भिवापूरच्या पुढे पवनीचा रस्ता धरला. वैनगंगेकाठचं हे गाव रस्त्याहून कितीतरी जुनं. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर मौर्य-शुंग काळातला बौद्ध स्तूप सापडला. तट आणि खंदक आजही दिसतात. गाडी बाहेरच लावा, आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. वैजेश्वराच्या घाटावर बसून डबा खाल्ला. इथून गोसीखुर्द धरणही जवळ आहे, आम्हाला वेळ पुरला नाही.

घाटावर मला अजबबंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली, शिळा आठवली. ती याच टापूतली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्राणी पकडायला आणि मारायला मनाई करणारा आदेश कोरलाय. कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या काळातल्या धर्ममहामात्राचा, म्हणजे धर्माचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा, मानला. बाबांनी ती पाहिलेली नव्हती, म्हणून पुढच्या रविवारी तिकडे जायचं ठरलं. तुम्ही मात्र शिळा आधी पाहून मग या रस्त्याला लागा.

पवनीहून चारला निघा, आम्हाला साडेपाच झाले. कऱ्हांडलाच्या पट्ट्यात दिवेलागणीला रोह्यांचा (नीलगाईंचा) कळप रस्त्यावर उतरला. मी गाडी थांबवून दिवे मंद केले. मागच्या ट्रकवाल्यानंही हॉर्न न वाजवता तेच केलं. सगळ्यात मागचं पिल्लू ओलांडून जाईपर्यंत बाबा मोजत होते: अकरा.