दाराची बेल

सुट्टीला पुण्यात आलेय, औंधला आईकडे. समोरच्या काकू पहिल्यांदाच मुलाकडे जर्मनीला चालल्यात आणि चार दिवस झाले त्यांच्या हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्यात. साजूक तूप, पेढे, कढीपत्ता, सगळं आत. काल आईने जाऊन आधी तूप आणि पेढे बाहेर काढायला लावले, कारण बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये जाताना दुधाचे पदार्थ बॅगेतून नेताच येत नाहीत, मांसही नाही, आणि कढीपत्ता, आंबे वगैरेंना सरकारी सर्टिफिकेट लागतं. बिनसर्टिफिकेट चालणारी मोजकीच आहेत, नारळ, केळी, अननस, खजूर, डुरियन.

आईला हे पाठ आहे कारण २०२३ च्या मे महिन्यात ती आणि बाबा माझ्याकडे जर्मनीत ब्रेमेनला आले होते. शाळेची बस रोज आमच्या इथल्या ब्रेमेन चौकातून जायची, त्या नावाच्या गावात कधी घर करेन असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. हमीपत्रासाठी, म्हणजे त्यांचा तिथला खर्च मी उचलेन असं लिहून द्यायला, तिथल्या सरकारी ऑफिसात मी २९ युरो भरले, पगाराच्या स्लिपा दाखवल्या, दोघांचा निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स काढला. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यातले ८० दिवस ते राहणार होते.

आणि मी त्या ८० दिवसांचा फक्त फिरायचा प्लॅन केला होता. पहिले दोन आठवडे छान गेले, हॅम्बर्ग झालं, टाउन हॉल झाला, त्याच्या शेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे असलेला पुतळा आहे तो झाला. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय धरून मनात इच्छा धरायची अशी तिथे पद्धत आहे, लोकांच्या हातांनी ते पाय अगदी चकचकीत झालेत, देवळातल्या कासवासारखे. आईने दोन्ही हातांनी पाय धरले, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

मग माझी सुट्टी संपली. एका मंगळवारी मी पाचला येते सांगून साडेसहाला घरी पोचले तर टेबलावर दोन कप चहा, दोन्हींवर बशी झाकलेली, दोन्ही गार. आई खिडकीपाशी बसलेली. मी सॉरी म्हटलं तर म्हणाली, "अगं त्याचं काही नाही. पण इथे दिवसभर दाराची बेलच वाजत नाही गं." पुण्यात सकाळपासून दूधवाला, कचरेवाली, कामाच्या मावशी, इस्त्रीवाला, दहा वेळा उठून दार उघडायचं असतं तिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्लॅन बंद. दोघांना तेव्हा महिन्याला ४९ युरोचं असलेलं डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा पास, काढून दिलं, त्यावर सगळ्या ट्राम, बस आणि साध्या ट्रेन चालतात (आता महाग झालंय, आणि १० तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढचा महिना लागू होतो, हे लक्षात ठेवा). आमच्या घरापासून बाजारापर्यंतच्या स्टॉपची नावं एका कागदावर देवनागरीत लिहून दिली. पहिल्या दिवशी मी ऑफिसमधून सारखी लोकेशन बघत होते. आई कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आली आणि संध्याकाळभर तेच सांगत होती. बाबांनी रिकाम्या बाटल्यांचं काम उचललं, मशीनमध्ये टाकली की प्लॅस्टिकच्या एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, ते पावती घडी घालून पाकिटात ठेवायचे आणि शनिवारी त्याच पैशांनी ब्रेड आणायचे. रविवारी दुकानं बंद असतात हे ते मला आठवण करून द्यायला लागले!

जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला जवळजवळ दहा वाजतात, तर आई विचारात पडली, देवापुढे दिवा लावायचा कधी? शेवटी घड्याळात सात वाजले की लावायची. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, त्यात ती ज्योत नीट दिसायचीसुद्धा नाही, आणि आई हात जोडून शुभंकरोति म्हणतेय. ते गेल्यावर मीपण सातला लावते.

मित्रमंडळी येतात ते वेगळं, त्यांना गादी, वायफाय आणि घराची किल्ली दिली की झालं. आईवडिलांना मात्र किल्लीबरोबर घरातलं एखादं कामही द्या, अगदी मनापासून सांगतेय.

काल हेच मी काकूंच्या मुलाला फोनवर सांगितलं. तोवर इकडे आईने काकूंना पाटावर बसवून त्यांची ओटी भरली. काकूंनी तो नारळ दोन्ही हातांत धरून विचारलं, "हा चालतो ना गं?" आई म्हणाली, "चालतो," आणि तुपाची बरणी काढलेल्या जागी तिने स्वतःच तो टॉवेलात गुंडाळून ठेवला.