व्हिएन्नात मिखाएलिना वोतिएच्या चित्रासमोर

मे महिन्यात व्हिएन्नाला गेले, ती मुख्यतः कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधील एका चित्रासाठी. ते रंगवणारी सतराव्या शतकातील चित्रकार मिखाएलिना वोतिए ही मूळची आजच्या बेल्जियममधील मॉन्सची. तिने ब्रुसेल्समध्ये चित्रकार भाऊ शार्ल याच्यासोबत राहून काम केले आणि १६८९ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. तिचे ‘बॅकसची विजययात्रा’ (बॅकस हा रोमन मद्यदेव) हे चित्र सुमारे पावणेतीन मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद आहे. ब्रुसेल्सचा तेव्हाचा हॅब्सबर्ग राज्यपाल आणि चित्रसंग्राहक आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्म याच्या संग्रहाच्या १६५९ च्या यादीत तिच्या चित्रांची नोंद असूनही पुढे तिचे नाव विस्मरणात गेले आणि हे चित्र बराच काळ कोठारात पडून राहिले. १९९३ मध्ये बेल्जियन कला-इतिहासकार काट्लायने व्हान डेर स्टिघेलेन यांनी ते तेथे पाहिले, आणि त्यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनानंतर २०१८ मध्ये अँटवर्पला तिचे पहिले मोठे प्रदर्शन भरले.

स्त्रियांना नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास करण्याची मुभा नव्हती अशा काळात तिने उघड्या पुरुषदेहांची ही गर्दी रंगवली आहे. ढिल्या पोटाचा बॅकस आडवा पडला आहे आणि त्याच्या तोंडावर द्राक्षे पिळली जात आहेत. त्याच्या त्वचेचे फिके, किंचित हिरवट रंग जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. उजव्या कडेला गुलाबी वस्त्रातील, एक स्तन उघडा असलेली स्त्री उभी आहे. ते वोतिएचे स्वतःचे चित्र मानले जाते. साऱ्या गोंधळात थेट आपल्याकडे पाहणारी तीच. मी तिच्यासमोर अर्धा तास उभी होते, आणि तेवढा वेळ अपुरा वाटला.

जाणाऱ्यांनी गुरुवारची संध्याकाळ निवडावी. त्या दिवशी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि गर्दी ओसरते. वर्षातील बहुतेक काळ सोमवारी ते बंद असते. प्रदर्शनांसाठी हे चित्र परदेशी जाते, म्हणून ते जागेवर आहे की नाही, याची खात्री केल्याशिवाय तिकीट काढू नये. मोठ्या पिशव्या क्लोकरूममध्ये ठेवाव्या लागतात. याच संग्रहालयात वोतिएने रंगवलेले संत जोसेफ आणि संत जोआकिमही आहेत; बॅकसनंतर त्या शांत वृद्ध चेहऱ्यांकडे जावे, आधी नव्हे.