मामाची पुरात बुडालेली गोल्फ कार्ट

मामाची नर्सरी बडोद्यात वडसरच्या बाजूला आहे, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. तिथे कुंड्या, खताच्या गोण्या, मातीची पोती इकडून तिकडे न्यायला त्याने एका रिसॉर्टकडून जुनी पेट्रोलवरची गोल्फ कार्ट घेतली, मागची सीट काढून लोखंडी ट्रे बसवला आणि तेव्हापासून तिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. बडोद्यात गोल्फ कार्ट म्हटलं की लोकांना लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातला गोल्फ कोर्स आठवतो, पण ओल्या मातीच्या चिंचोळ्या वाटेवर टेम्पो जातच नाही आणि ही आरामात जाते. मॉडेल क्लब कार डीएस, कावासाकीचं २८६ सीसीचं एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, खाली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पूर आला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ च्या वर गेलं होतं. नर्सरीत कार्टच्या सीटपर्यंत पाणी, वर नदीतल्या मगरींची भीती, त्यामुळे दोन दिवस कोणी आत पाऊल ठेवलं नाही. पाणी उतरल्यावर मामाचा पहिला फोन, "अरे चावी लावून बघू का?" मी ओरडलोच, मामा हात नको लावूस, मी येतोय.

हे मी मनापासून सांगतो, पुरात बुडालेलं इंजिन चालू करून बघायचं नाही, म्हणजे नाहीच. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग सगळंच संपलं. आम्ही आधी बॅटरीची वायर काढली, मग स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं, प्लगच्या भोकातून घोटभर गढूळ पाणी आलं. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. नवीन ऑइल भरून थोडं फिरवून पुन्हा काढलं, परत भरलं, असं तीनदा केलं तेव्हा कुठे ते स्वच्छ दिसायला लागलं. गिअरबॉक्सचं ऑइलही बदललं, ते लोक हमखास विसरतात. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवलं तर तळाशी वेगळा थर दिसला, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि दोन्ही मिळून खाली बसतात, त्यामुळे ते सगळं पेट्रोल फेकलं. स्टार्टर जनरेटर उघडून कार्बन ब्रश वाळवले, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर साफ केला. (या गाडीत स्टार्टर आणि डायनॅमो एकच, पट्ट्याने इंजिनला जोडलेला, आधी तो इंजिन फिरवतो आणि मग इंजिन त्याला फिरवतं.)

गाडी चालू झाली, मामाने पेढे वाटले. आणि आठवड्याभरात नवीन दुखणं सुरू झालं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

दहा-बारा मिनिटं मस्त चालायची आणि मग खोकून बंद. पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. आता या गाडीची एक गोष्ट नवीन माणसाला माहीत नसते, एक्सलरेटरचं पॅडल सोडलं की इंजिन बंदच होतं, उभ्या गाडीत इंजिन चालू राहणं (आयडलिंग) नाहीच. पॅडल दाबलं की त्याखालचा छोटा मायक्रोस्विच लागतो, स्टार्टरला करंट सोडणारा सोलेनॉइड टक करतो, स्टार्टर फिरतो आणि गाडी निघते. त्यामुळे आधी माझ्या डोक्यात स्विच, सोलेनॉइड, अर्थ हेच आलं. बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट, एकदम ठीक. गाडी चालू असताना १४ च्या आसपास, म्हणजे चार्जिंगही ठीक. मग गॅरेजवाल्याने सांगितलं की गरम झाल्यावर प्लगला ठिणगी देणारी कॉइल जाते, बदला. असं होतंही, तो काही चुकीचं बोलत नव्हता, पण आम्ही न तपासता कॉइल मागवली, ती यायला बारा दिवस, बसवली, गाडी तशीच बंद. कार्बोरेटर दोनदा खोलला. पेट्रोल फिल्टर बदलला. नुसते पार्ट बदलत होतो आणि मामाच्या दसऱ्याच्या झेंडूची ने-आण हातगाडीवर चालली होती, ते बघून जीव तुटायचा.

शेवटी नर्सरीतले माळीकाका एकदा सहज म्हणाले, "भाई, टांकी फुल करीए त्यारे वहेली बंध थाय छे."

टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते! हे ऐकून मी त्या दिवशी घरी गेलोच नाही. टाकी फुल केली, खिशात प्लगची किल्ली, एक जादा प्लग आणि रिकामी बाटली घेऊन ट्रेमध्ये बसलो आणि मामाला म्हटलं चालव. आठव्या मिनिटाला शेडनेटजवळ बंद. गाडी बंद पडलेली असतानाच तपासायचं, गार झाल्यावर तपासून काही कळत नाही. लगेच प्लग काढला, कोरडा ठणठणीत. जादा प्लग कॅपला लावून, भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवला, पॅडल दाबलं, निळी ठिणगी पडली. म्हणजे करंट आहे. मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडला, दोन-चार थेंब. म्हणजे पेट्रोल नाही. कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत धरला, पॅडल दाबलं, काहीच नाही. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर नाही, क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतल्या, हवेच्या ठोक्यांवर चालतो, त्याचा बारका पाइप चिरला तरी असंच होतं, तो बघितला, चांगला होता.

मग पेट्रोलचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली. मामाने पण ऐकलं. पॅडल दाबलं आणि बाटलीत पिचिक पिचिक पेट्रोल यायला लागलं.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पेट्रोल जेवढं कमी होतं तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. ते भोक पुराच्या गाळाने बुजलं होतं, वाळून सिमेंट झालेलं. आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते, पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. थांबलं की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते आणि गाडी परत चालू. टाकी फुल असली की वर हवेला जागाच कमी, त्यामुळे ओढ लवकर वाढते. माळीकाकांनी जे बघितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं, आम्ही दीड महिना त्यांना विचारलंच नव्हतं. झाकण रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, वायरमधली तांब्याची एक तार घेऊन भोक मोकळं केलं, मोठं नाही केलं, फक्त मोकळं. त्यानंतर गाडी एकदाही तशी बंद पडलेली नाही.

आता महिन्यातून एका रविवारी मी जातो. स्टार्टरचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघतो, अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त दबला तर चीं चीं करतो. तो पट्टा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नंबर दाखवून मिळाला. इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा क्लचचा मोठा पट्टा मात्र तिथला चालत नाही, त्याची रुंदी वेगळी असते, जुळेल तो लावला की चढावर गाडी दम टाकते, म्हणून तो मूळचाच मागवतो. क्लचला ऑइल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, नुसती हवा मारायची. ऑइल खुणेच्या वर भरायचं नाही, नाहीतर पांढरा धूर. एअर फिल्टरचा डबा दर वेळी उघडायचाच, मागच्या थंडीत त्यात खारीने काथ्या आणि कापूस भरून घर केलं होतं, पिल्लं नव्हती नशिबाने.

या रविवारी रिव्हर्सचा बझर बघायचाय, वाजत नाहीये. माळीकाका म्हणतात पुढे-मागेचा दांडा जोरात ओढला की वाजतो, म्हणजे स्विच थोडा सरकलेला असणार, आधी तोच बघेन.